कॅमेरा घेण्याआधी त्याचा ड्रायव्हर पाहावा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर ताईंचा भरतनाट्यमचा वर्ग भरतो आणि माझी मुलगी तेथे शिकते. २०१६ च्या दिवाळीनंतर एके दिवशी वर्ग सुटल्यावर ताईंनी मला थांबवून घेतले. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाजूला उघडून अर्धे बसण्याच्या मूळ बैठकीत, गुडघे किती वाकले आहेत हे मुलींना आरशात नीट कळत नाही, आरशाकडे पाहू लागल्या की मान पुढे येते, आणि मी सांगेपर्यंत खाली बसलेल्या मुली माझी पाठ वळताच पुन्हा चार बोटे वर येतात, असे त्या म्हणाल्या. "अगं, तू दिवसभर संगणकावर असतेस. गुडघ्याचा कोन त्या पडद्यावर दिसेल असे काही करता येईल का?" सयाजीरावांचा १८८० साली तंजावरच्या राजकन्येशी विवाह झाला, तेव्हा तिच्याबरोबर तेथील नर्तकी आणि वादक बडोद्यास आले. भरतनाट्यम या शहरात इतके जुने आहे, आणि त्याच्या मूळ बैठकीसाठी आपल्या हातून काही घडेल या कल्पनेनेच मी लगेच होकार दिला.

कोन मोजणे हा यातला सोपा भाग होता. कंबर, गुडघा आणि घोटा या तीन बिंदूंचे त्रिमितीतले स्थान मिळाले, की उरते ते शाळेतले गणित. ते तीन बिंदू मिळवायचे तर माणसाची हालचाल ओळखणारा कॅमेरा हवा, आणि तो मला परदेशातून परतलेल्या एका नातेवाइकाच्या कपाटात सापडला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या खेळाच्या यंत्राबरोबर आलेला, मुले मोठी झाल्यावर पडून राहिलेला तो किनेक्ट होता. पुढची काही वर्षे मी जे शिकले त्यातले बहुतेक त्या कॅमेऱ्याविषयी नसून तो आणि संगणक यांच्यामध्ये बसून दोघांचे बोलणे जुळवणाऱ्या ड्रायव्हर या प्रोग्रॅमविषयी होते. जुना किनेक्ट स्वस्तात मिळतो आहे, घेऊ का, असे मला आजही विचारले जाते, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवते.

आधी त्या यंत्राची रचना सांगायला हवी, कारण निम्म्या अडचणींचे मूळ तेथेच आहे. बाहेरून एक दिसणारा हा किनेक्ट संगणकाच्या दृष्टीने एक उपकरण नाही. त्याच्या आत एक यूएसबी हब, म्हणजे एका जोडणीच्या अनेक जोडण्या करणारा भाग, आहे आणि त्या हबवर कॅमेरा, ध्वनी घेणारा भाग आणि मान हलवणारी मोटर अशी वेगवेगळी उपकरणे जोडलेली आहेत. ड्रायव्हर नसलेल्या विंडोजवर तो जोडला, की डिव्हाइस मॅनेजर या उपकरणांच्या यादीत पिवळ्या त्रिकोणासह एक्सबॉक्स एनयूआय मोटर, कॅमेरा आणि ऑडिओ अशा तीन ओळी दिसतात. माझ्याकडे पहिल्या दिवशी त्यातली मोटरची एकच ओळ आली, बाकीच्या दोन आल्याच नाहीत. कॅमेरा बिघडला असे मी धरून चालले होते. प्रत्यक्षात त्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर मी लावलेला नव्हता. साध्या यूएसबीतून मिळणारी वीज या कॅमेऱ्याला पुरत नाही, त्यामुळे मोटरचा भाग जागा होतो आणि कॅमेऱ्याचा होत नाही. अडॅप्टर लावून खोलीत अंधार केला तेव्हा काचेमागे लालसर ठिपका उजळलेला दिसला आणि उरलेल्या दोन ओळी पडद्यावर उमटल्या. ड्रायव्हरकडे बोट दाखवण्याआधी वीज तपासावी हे मी त्या दिवसापासून पाळत आले आहे.

हा किनेक्ट ४ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत विक्रीस आला. तो खेळासाठी होता आणि संगणकासाठी त्याचा अधिकृत ड्रायव्हर नव्हता. अडाफ्रूट या इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीने मुक्त ड्रायव्हर लिहिणाऱ्यास इनाम जाहीर केले, ते वाढत ३,००० डॉलरपर्यंत गेले आणि १० नोव्हेंबरला, म्हणजे सहा दिवसांत, हेक्टर मार्टिन यांनी ते जिंकले. त्या कामातून लिबफ्रीनेक्ट हा खुला ड्रायव्हर उभा राहिला. डिसेंबरमध्ये, ज्या इस्रायली कंपनीचे तंत्र या कॅमेऱ्यात होते त्या प्राइमसेन्सने ओपनएनआय हा आपला ड्रायव्हरचा संच आणला. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या एसडीकेची, म्हणजे ड्रायव्हरसह प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनांच्या संचाची, चाचणी आवृत्ती जून २०११ मध्ये आणि १.० आवृत्ती फेब्रुवारी २०१२ मध्ये आली. एकाच कॅमेऱ्यासाठी असे तीन वेगळे ड्रायव्हर झाले, आणि सुसंगतीच्या अडचणी खऱ्या अर्थाने येथून सुरू झाल्या, कारण विंडोजवर एका वेळी त्या उपकरणाचा ताबा एकाच ड्रायव्हरकडे राहतो.

माझ्या घरच्या संगणकावर हे सगळे मी एकामागून एक करून पाहिले. प्रथम लिबफ्रीनेक्ट वापरावे असे ठरवले, कारण त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, डोळ्यांसमोर उघडा असतो. त्यासाठी झाडिग नावाचे छोटे साधन चालवून कॅमेऱ्याचा ड्रायव्हर बदलला, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या पडद्यावर माझ्याच खोलीचे, जवळचे उजळ आणि लांबचे काळसर असे चित्र उमटले. पंखा, खुर्ची, दारात उभी असलेली मुलगी, प्रत्येक ठिपक्याचे अंतर त्यात होते. पण गुडघा कोठे आहे हे त्या चित्रात कोठेही लिहिलेले नव्हते. लिबफ्रीनेक्ट कॅमेऱ्यातून रंगीत चित्र आणि अंतर बाहेर काढून देते, माणसाचे सांधे ओळखून देत नाही. सांधे ओळखण्याचे काम ड्रायव्हरच्या वर बसलेल्या दुसऱ्या एका थराचे असते. तो थर मायक्रोसॉफ्टच्या एसडीकेमध्ये होता, आणि ओपनएनआयबरोबर प्राइमसेन्सचे नाइट नावाचे सॉफ्टवेअर मिळे त्यात होता.

हा फरक जुना कॅमेरा घेणाऱ्या बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून येथे थोडे थांबते. "ड्रायव्हर मिळतो" या दोन शब्दांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कॅमेऱ्याचे बोलणे संगणकाला ऐकू येणे ही एक गोष्ट, आणि त्या बोलण्यातून माणूस ओळखता येणे ही दुसरी. पहिलीचा सोर्स खुला होता, त्यामुळे ती टिकली आणि आजही चालते. दुसरी कंपन्यांच्या बंद पेटीत होती, त्यामुळे ती कंपन्यांच्या मर्जीने राहिली किंवा गेली. नोव्हेंबर २०१३ मध्ये अॅपलने प्राइमसेन्स विकत घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये ओपनएनआयचे संकेतस्थळ बंद झाले. ओपनएनआय २ चा सोर्स खुला असल्यामुळे इतरांनी तो पुढे चालवला. नाइट मात्र अधिकृतपणे मिळेनासे झाले. ज्यांनी आपला प्रकल्प नाइटवर बांधला होता, त्यांच्याकडे चालता कॅमेरा, चालता ड्रायव्हर आणि तरीही निरुपयोगी प्रोग्रॅम अशी स्थिती उरली.

मी म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एसडीकेकडे वळले. त्याची १.८ ही आवृत्ती सप्टेंबर २०१३ मध्ये आली आणि या पहिल्या पिढीसाठी तीच शेवटची ठरली. ती बसवली तरी सेन्सर सापडत नाही, असाच संदेश येत राहिला. कारण उघड होते, तरी ते सापडायला मला दोन रात्री लागल्या. झाडिगने बसवलेला ड्रायव्हर अजून कॅमेऱ्याला धरून बसला होता आणि नवीन एसडीकेने त्याला हलवले नव्हते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर जाऊन अनइन्स्टॉल करताना, ड्रायव्हरच्या फाइलीही काढून टाका, या चौकटीवर खूण करावी लागते. ती खूण करायची राहून गेली, की केबल पुन्हा जोडताच जुना ड्रायव्हर परत येऊन बसतो. खूण केली, केबल काढून पुन्हा लावली, आणि यादीत किनेक्ट फॉर विंडोज या नावाखाली कॅमेरा व ऑडिओ यांच्या ओळी त्रिकोणाशिवाय उभ्या राहिल्या. लिनक्सवर हीच भांडणे वेगळ्या नावाने होतात. तेथे कर्नलमधला जीएसपीसीए किनेक्ट हा मॉड्यूल कॅमेऱ्याला साधा वेबकॅम समजून आधीच ताबा घेतो, त्याला बाजूला केल्याशिवाय लिबफ्रीनेक्टला कॅमेरा उघडता येत नाही.

पहिल्या पिढीचा एसडीके सहा माणसे ओळखतो, पण सांधे मात्र दोघांचेच देतो, प्रत्येकी २०. वर्गात आठ मुली असल्या तरी एका वेळी दोघींनीच समोर उभे राहायचे, असे ताईंनी ठरवले आणि त्याने काही बिघडले नाही. साडीच्या निऱ्यांत गुडघा लपतो म्हणून चाचणीच्या दिवशी सलवार घालायची, हेही ठरले. घरी सगळे उत्तम चालले.

वर्गात चालले नाही. पालक जमले होते, मुली रांगेत उभ्या होत्या, ताईंच्या लॅपटॉपवर मी आदल्या दिवशी प्रोग्रॅम आणि किनेक्टचा रनटाइम, म्हणजे तयार प्रोग्रॅम नुसता चालवण्यापुरता भाग, बसवून ठेवला होता, आणि पडद्यावर सेन्सर वापरण्याजोगा नाही असा संदेश होता. "अगं, तुझ्या घरी तर चालत होता ना?" ताई हळू आवाजात म्हणाल्या. केबल, अडॅप्टर, यूएसबीचे दुसरे भोक, सगळे करून झाले. शेवटी मी सतरंजीवर बसले, किनेक्ट उलटा केला आणि मोबाइलच्या उजेडात त्याच्या बुडाचे लेबल वाचले. मॉडेल १४१४. उत्तर त्या चार अंकांत होते आणि ते मी आधी वाचायला हवे होते. १४१४ आणि १४७३ हे एक्सबॉक्स ३६० बरोबर आलेले किनेक्ट, तर १५१७ हा विंडोजसाठी वेगळा विकलेला. एक्सबॉक्सचा किनेक्ट संगणकावर केवळ प्रोग्रॅम तयार करण्यासाठी वापरता येई, म्हणजे ज्या संगणकावर पूर्ण एसडीके बसवलेला आहे तेथेच तो चालतो. नुसत्या रनटाइमवर १५१७ हवा. माझ्या संगणकावर एसडीके होता आणि ताईंच्या लॅपटॉपवर रनटाइम. ही अट एसडीकेच्या कागदपत्रांत लिहिलेली होती. मी चाचणी फक्त स्वतःच्या संगणकावर केली होती, चूक पूर्णपणे माझी होती, आणि त्या दिवशी रांगेत उभ्या राहिलेल्या मुलींचे चेहरे आठवले की मला अजून वाईट वाटते. तेव्हापासून कोणत्याही कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम ज्या संगणकावर अखेर चालायचा त्याच संगणकावर, त्याच भोकात केबल लावून पाहिल्याखेरीज मी तो चालतो असे म्हणत नाही.

लेबल वाचण्याचे आणखी एक कारण आहे. १४७३ दिसायला १४१४ सारखाच असला तरी आतून तंतोतंत तसा नाही. लिबफ्रीनेक्टवर त्याची मोटर आणि दिवा चालवायचा, तर आज्ञा ऑडिओच्या भागातून जातात आणि त्यासाठी त्या भागात आधी फर्मवेअर, म्हणजे उपकरणाच्या आतला प्रोग्रॅम, चढवावे लागते. १४१४ साठी लिहिलेला एखादा प्रकल्प १४७३ वर अर्धवट चालतो तो यामुळे.

ताईंच्या लॅपटॉपवर पूर्ण एसडीके बसवून, वर्गातला अभ्यास हा प्रोग्रॅम तयार करण्याचाच भाग आहे असे समजून, आम्ही एक वर्ष काढले. मग दुसऱ्या पिढीचा किनेक्ट एका परिचिताकडून मिळाला. त्याची अंतर मोजण्याची रीतच वेगळी आहे. पहिला किनेक्ट न दिसणाऱ्या ठिपक्यांची नक्षी समोर टाकून ती कशी सरकली यावरून अंतर काढतो, दुसरा प्रकाश जाऊन परत येण्याच्या वेळावरून काढतो. अंतराचे चित्र ५१२ गुणिले ४२४ ठिपक्यांचे, रंगीत चित्र १९२० गुणिले १०८० चे, सहा माणसांचे प्रत्येकी २५ सांधे. पण एसडीके २.० ला विंडोज ८ किंवा पुढचे, तेही ६४ बिटचे, आणि डायरेक्टएक्स ११ चे ग्राफिक्स लागते, आणि पहिल्या पिढीचा एसडीके या कॅमेऱ्याला ओळखतसुद्धा नाही. दोन्हीत माझ्या कोडची एकही ओळ जशीच्या तशी चालली नाही.

त्याहून मोठा प्रश्न यूएसबीचा होता. भोक निळे आहे, म्हणजे यूएसबी ३.० आहे, म्हणजे चालेल, असे मला वाटले होते. मायक्रोसॉफ्टच्या अटीत मात्र यूएसबी ३.० चा कंट्रोलर, म्हणजे ते भोक सांभाळणारी चिप, इंटेलचा किंवा रेनेसासचा असावा असे स्पष्ट म्हटले होते. हा कॅमेरा चित्रांचा प्रवाह सलग, ठरलेल्या वेळी, न थांबता पाठवतो, आणि तो भार सगळेच कंट्रोलर सारख्या रीतीने पेलत नाहीत. पेन ड्राइव्ह ज्या भोकात विनातक्रार चालतो तेथे कॅमेरा का चालत नाही, याचे उत्तर हेच आहे. पेन ड्राइव्हचा एखादा तुकडा उशिरा आला तरी तो येतो, कॅमेऱ्याचा उशिरा आलेला तुकडा टाकून दिला जातो. पहिल्या किनेक्टचीही मागणी अशीच, यूएसबी २.० च्या कंट्रोलरची निम्मी क्षमता तो एकटा मागतो, म्हणून त्याच्या शेजारी वेबकॅम किंवा दुसरा किनेक्ट लावू नये. आमच्या लॅपटॉपवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरचे नाव पाहिले, ते या दोहोंपैकी नव्हते. दुकानातून एक जुना इंटेल चिपसेटचा डेस्कटॉप आणला आणि केबल लावताच कॅमेरा उठला.

तो उठून पुन्हा झोपे, पुन्हा उठे, दर काही सेकंदांनी विंडोजचा जोडल्या-तोडल्याचा आवाज येत राही, असाही एक आठवडा गेला. मी केबल बदलली, भोक बदलले, ड्रायव्हर काढून घातला. शेवटी कारण निघाले ते विंडोज १० च्या गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये. एका अपडेटनंतर मायक्रोफोनची परवानगी बंद झाली होती. या किनेक्टमध्ये मायक्रोफोनची रांग आहे, ती उघडता आली नाही की सगळे उपकरणच पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ पाहते. परवानगी दिली आणि आवाज थांबला. आम्हाला आवाजाशी काही घेणे नव्हते, तरी ड्रायव्हरला होते.

किनेक्टचे उत्पादन ऑक्टोबर २०१७ मध्ये थांबले आणि एक्सबॉक्स वनचा, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, किनेक्ट संगणकाला जोडणारा अडॅप्टर जानेवारी २०१८ पासून बंद झाला. नंतर २०१९ साली अझ्युर किनेक्ट आला, ३९९ डॉलरचा, ३२ सांधे देणारा, लिनक्सवरही चालणारा. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये तोही थांबवला. ऑर्बेक या कंपनीचा फेमटो बोल्ट हा कॅमेरा त्याच तंत्रावर निघाला आहे आणि अझ्युर किनेक्टसाठी लिहिलेले कोड चालावे म्हणून ऑर्बेकने एक वेगळा थरही दिला आहे. जुन्या माणसांच्या कोडची अशी काळजी घेणारी गोष्ट मला फार मोलाची वाटते.

या सगळ्यात माझे कोड दोनदा मुळापासून लिहावे लागले, तिसऱ्यांदा मी तसे होऊ दिले नाही. आता कोन काढणारा भाग कॅमेऱ्याला ओळखतच नाही. त्याला फक्त सांध्याचे नाव आणि मीटरमधले स्थान मिळते, आणि प्रत्येक कॅमेऱ्यासाठी त्या भाषेत बोलणारा एक लहान दुभाष्या वेगळा लिहिलेला आहे. याची गरज किती खरी आहे हे एका परिचिताचा अझ्युर किनेक्ट दोन दिवसांसाठी आणला तेव्हा कळले. पहिल्या दोन पिढ्या सांध्याचे स्थान मीटरमध्ये देतात आणि त्यांचा उभा अक्ष वर जातो, अझ्युर किनेक्ट मिलिमीटरमध्ये देतो आणि त्याचा उभा अक्ष खाली जातो. पहिल्या चाचणीत पडद्यावर माझी मुलगी डोके खाली, पाय वर अशी, हजारपट मोठी उभी राहिली. दुरुस्ती दुभाष्यात तीन ओळींची झाली, कोनाच्या भागाला हात लावावा लागला नाही. शिवाय प्रत्येक वर्गातले सांध्यांचे आकडे मी फाइलमध्ये साठवून ठेवते, त्यामुळे घरी कॅमेरा न जोडताही प्रोग्रॅम तपासता येतो.

साध्या वेबकॅमवर हे सगळे का करत नाही, असे मला विचारतात, आणि प्रश्न योग्य आहे. साधा वेबकॅम यूव्हीसी या सामाईक प्रमाणाने बोलतो, त्याचा ड्रायव्हर विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांत आधीपासून असतो, त्यामुळे सुसंगतीचा प्रश्न जवळजवळ मिटतो. मीडियापाइपसारखी लायब्ररी त्याच चित्रातून ३३ बिंदू काढून देते. ज्यांना हात वर आहे की खाली एवढेच पाहायचे आहे त्यांनी खुशाल तेच वापरावे, मी स्वतः तेच सुचवते. पण त्यात खोली ही मोजलेली नसते, अनुमानाने काढलेली असते. अरमंडीत गुडघे बाजूला उघडतात आणि थोडे पुढेही येतात, ते पुढे येणे समोरून घेतलेल्या सपाट चित्रात फसवे दिसते. ताईंना ज्या चार बोटांची चिंता आहे ती या अनुमानात हरवतात, म्हणून वर्गात अजून दुसऱ्या पिढीचा किनेक्टच आहे.

तो डेस्कटॉप इंटरनेटला जोडलेला नाही. त्यातील विंडोज, एसडीके आणि ड्रायव्हर जसे चालत होते तसेच ठेवले आहेत, सगळ्या डिस्कची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेतली आहे आणि एसडीके २.० ची मूळ फाइलही तिच्यात आहे. नवीन विंडोजमध्ये मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचे सेटिंग चालू असले की जुळत नसलेले जुने ड्रायव्हर चढूच दिले जात नाहीत, आणि केवळ एका जुन्या कॅमेऱ्यासाठी ते संरक्षण काढून घेणे ज्या संगणकावर बँकेचे कामही होते तेथे मला योग्य वाटत नाही. कॅमेऱ्यासाठी वेगळा संगणक ठेवण्याचे कारण तेच.

गेल्या महिन्यात ग्वाल्हेरहून एका नृत्यशिक्षिकांचा फोन आला. त्यांना एक किनेक्ट अगदी कमी किमतीत मिळत होता आणि विकणारा त्याच संध्याकाळी पैसे मागत होता. मी त्यांना बुडाच्या लेबलाचा आणि ज्या संगणकाला तो जोडायचा त्याचा, असे दोन फोटो मागितले. लेबलावर १४७३ होते, अडॅप्टर सोबत होता आणि वर्गातला संगणक म्हणजे मॅकबुक होते. मॅकवर लिबफ्रीनेक्टने अंतराचे चित्र मिळाले असते, सांधे मिळाले नसते, आणि त्यांना सांधेच हवे होते. मी नको म्हणून सांगितले. एसडीके १.८ बसेल असा विंडोजचा जुना संगणक त्या आता शोधत आहेत, तो मिळाला की किनेक्ट तेथे जोडून, दोन मुलींना समोर उभे करून पाहायचे आणि मगच पैसे द्यायचे, असे त्यांनी विकणाऱ्याला कळवले आहे.